कानाजवळून गेलेला गोटा

जुन्या कॉमिकच्या कागदाचा वास आला की मला पांढुर्ण्याची जाम नदी आठवते. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कॉलेजच्या पहिल्या वर्षी, पोळ्याच्या दिवशी मोठा भाऊ भाड्याचं कॉमिक वाचत होता. एका चौकटीत गोळी सुटे, पुढच्या चौकटीत वीर बाजूला झालेला असे. मी भीतभीतच म्हणालो, "दादा, इतक्या जोरात माणूस हलूच शकत नाही. गोळी सोड, गोटाही दिसेपर्यंत येऊन गेलेला राह्यते." "तुह्या कॉलेजात हेच शिकवून राहिले का बे?" तो हसला. "उद्या गोटमारीत पाह्य, कसा चुकवतो." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरची गावं एकमेकांवर गोटे फेकतात, तीच गोटमार. समोरच्या सावरगावच्या काठावरून गोटे येत होते आणि भाऊ गुडघाभर पाण्यात उभा होता. एक गोटा सूं करत त्याच्या कानाजवळून गेला आणि मागच्या खडकावर फुटला. भाऊ हसत वर आला. "पाह्यलं? कसा चुकवला!" मी नुसती मान हलवली. माझी नजर त्याच्यावरून ढळली नव्हती. तो जागचा हललाच नव्हता. गोटा त्याला दिसलाच नव्हता. तेव्हापासून तो दर वर्षी नदीत उतरतो. आज पुन्हा पोळा, उद्या गोटमार. आज तरी त्याला खरं सांगावं म्हणतो.