पैनगंगेपलीकडचं लग्न

वैशाखातल्या एका पहाटे मी रिसोडहून बैलांच्या दमणीत बसले, तेव्हा मांडीवर नवा खण होता आणि मनात चीड होती. माझ्या शाळेत तिसरीत शिकणाऱ्या चंद्रभागेचं लग्न होतं. वय वर्षं नऊ. वडील आबाराव, मोठे जमीनदार. आमच्या वऱ्हाडात चौदाच्या आतल्या मुलीचं लग्न लावलं की खटला होतो, म्हणून लग्न पैनगंगेपलीकडे, मोगलाईत (निजामाच्या मुलखात) गोरेगावला ठरवलं होतं. तिकडे हा कायदा नाही. मला अक्षत आली होती. जाऊन आबारावांची समजूत घालीन, असं मी स्वतःला सांगत होते.

नदीला गुडघाभर पाणी होतं, तरी चाक वाळूत रुतलंच. उतरून ढकलताना माझी एक चप्पल वाहून गेली.

"चालायचंच, बाई," गाडीवान म्हणाला. "लग्नसराईत नदी ओलांडायच्या या उतारावर लई गर्दी असते. सगळ्या नवऱ्या इकडूनच तर जातात."

तो हसला. मला हसू आलं नाही.

पलीकडे करोडगिरीचा (जकातीचा) नाका होता. शिपायाने माझं गाठोडं सोडलं, खणाची घडी उलगडली.

"नया कपडा है. महसूल लगेगा."

"काल इथून नऊ वर्षांची नवरी गेली," मी म्हणाले. "तिच्याबद्दल काही विचारलंत?"

तो खरोखरच गोंधळला. "लडकी पे महसूल नहीं है, बाई."

तिथून पुढे काळी, भेगाळलेली रानं. झाडाला पान नाही आणि वाऱ्याला दया नाही. गोरेगावात शिरले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. महादेवाच्या देवळासमोर मांडव असेल म्हणून तिकडे गेले, तर साऱ्या पटांगणात मेंढ्या बसलेल्या. पायरीपासून पिंपळाच्या पारापर्यंत पाऊल ठेवायला जागा नव्हती. मधोमध काठी आडवी धरून एक उंच, सावळी बाई बसली होती. ती सखुबाई धनगरीण. पलीकडे लिंबाखाली वऱ्हाडाच्या गाड्या सुटलेल्या, आणि आबाराव घाम पुसत ओरडत होते, "मेंढरं हाकल! मुहूर्त गोरजाचा आहे!"

"मेंढरं दमलीत," सखुबाई म्हणाली. "उठून न्हाई राहिली."

हळूहळू मला उमगलं की एकटी सखुबाई नव्हे, सारं गावच अडून बसलं होतं. मांडवाला मेढी (खांब) कोणी देईना. वाजंत्र्यांनी सनई खुंटीला टांगलेली. गुरवाने गाभाऱ्याला कुलूप घातलेलं. विहिरीवर बायका बसल्या होत्या. माणसांना आणि बैलांना पाणी देत होत्या, पण लग्नाच्या स्वयंपाकाला एक घागर भरू देत नव्हत्या. मागच्या उन्हाळ्यात आमच्या वऱ्हाडातल्या लहान मुलींची तीन लग्नं याच पटांगणात लागली होती. त्यानंतर गावाने बसून ठरवलं होतं, चौथं लागू द्यायचं नाही.

आबारावांबरोबर आमच्या गावचे एक वकीलसाहेब होते. ते पुढे होऊन म्हणाले, "बाई, या मुलखात असा कायदा नाही. तुम्हाला अडवायचा अधिकार काय?"

सखुबाई उठली. "कायदा तुमच्याकडं हाय ना? मंग घरी काहून न्हाई लावत लगीन? तुमची घाण टाकाया आमचं गाव उकिरडा हाय व्हय? माझी पोरगी धाव्या वर्साला दिली मी. तेराव्या वर्साला बाळंतपणात गेली. लेकरू बी गेलं. तवा आमाला कुनी अडीवलं न्हाई. आमी अडीवणार."

तिची नजर माझ्याकडे वळली.

"तुमी कोन?"

"मी मुलीची मास्तरीण."

"मास्तरीण?" तिने माझ्या हातातल्या खणाकडे पाहिलं. "मंग लग्नाला काहून आलात?"

मी खण घाईने पदराखाली घेतला. कानशिलं तापली, ती उन्हाने नव्हे.

चंद्रभागा गाडीत बसली होती. हळदीने पिवळी, मुंडावळ्या कपाळावर सरकलेल्या. नवरीचा उपास म्हणून सकाळपासून पोटात काही नव्हतं. पलीकडच्या गाडीत नवरदेव मिशीला पीळ देत होता. बिजवर, वय तिशीचं. सखुबाईने घरून भाकरी, ठेचा आणि वाटीभर दूध आणलं आणि पोरीसमोर ठेवलं.

"खा, लेकरा."

"खबरदार! उपास मोडेल!" आबाराव धावले.

मी गाडीच्या दांडीला हात लावून आडवी उभी राहिले. दिवसभरात मी केलं ते एवढंच. "खाऊ द्या तिला," मी म्हणाले, आणि माझा आवाज चढला तो उतरेना. नऊ वर्षांच्या पोरीला उपाशी ठेवून तिशीच्या माणसाच्या गळ्यात बांधायला निघालात, लाज वाटत नाही? काय काय बोलले, आठवत नाही. चंद्रभागा मात्र माझ्याकडे न बघता खात होती, दोन्ही हातांनी.

सूर्य मावळला, मुहूर्त टळला. नवरदेवाचे काका अपमान झाला म्हणून तणतणत उठले, गाड्या जुंपल्या आणि सोयरीक मोडून निघून गेले. त्या रात्री सखुबाईने मला ओसरीवर घोंगडं अंथरून दिलं. मला पुन्हा काही विचारलं नाही.

परतल्यावर आठवडाभरात वकीलसाहेब बाजारात भेटले. चार माणसांत मला म्हणाले, "मोगलाईतले लोक म्हणजे अगदीच अडाणी हो! पाहुण्यांना कसं वागवावं, कळत नाही."

चंद्रभागेला आबारावांनी दिवाळीपर्यंत घरात कोंडलं, मग शाळेत पाठवलं. ती चौथीत आहे. पुढच्या वैशाखाचं मी सांगू शकत नाही. पण त्या दिवशी बाजारात मी सर्वांसमोर म्हणाले ते इथेही लिहून ठेवते: कायद्याचं कलम तुम्हाला पाठ होतं, वकीलसाहेब, म्हणूनच तुम्हाला नदीचा उतार ठाऊक होता. त्या बाईला अक्षर येत नाही. तिला फक्त तिची मुलगी आठवत होती.