भोंगामामांचं एकुलतं एक गुपित

भोंगामामांना हळू बोलता येत नसे. ते प्रयत्न मात्र मनापासून करीत. मान खाली घालत, डोळे बारीक करत, तोंडाशी हाताचा आडोसा धरत, आणि मग जे काही बोलत ते चौकातल्या पानठेल्यापर्यंत नीट ऐकू जाई. कानात सांगायचं म्हणून त्यांनी कुणाला जवळ बोलावलं की आजूबाजूची माणसं गप्प होत. उगाच एखादा शब्द सुटायला नको.

धंदाही त्यांना साजेसाच मिळाला होता. एक जुनी ऑटो, तिच्या टपावर दोन भोंगे आणि हातात माइक. आमगावपासून आतल्या खेड्यांपर्यंत जे काही लोकांना कळायला हवं ते मामांच्या तोंडून कळे. झाडीपट्टीचं नाटक, बैलांच्या शर्यतीचा शंकरपट, पोलिओचा डोस, कुणाची हरवलेली म्हैस, कुणाची अंत्ययात्रा. आमचं गाव त्याच पट्ट्यात, रेल्वेलाइन सोडून आत. गावाचं नाव सांगत नाही, आणि माणसांची नावंही बदलली आहेत. मामांचं खरं नाव तर आम्हीच विसरलो होतो. का लपवतो आहे ते पुढं कळेल.

धंद्याची सवय त्यांच्या घरातही शिरली होती. प्रत्येक गोष्ट ते तीनदा सांगत. "चहा, चहा, चहा," असं अंगणातून म्हणत, आणि मामी आतून एकदाच, अगदी हळू, "आनतो" म्हणत. मामींचा तो आवाज आम्हाला शेजारी बसून ऐकू येत नसे, मामांना मात्र नेमका येई. नवीन किराणेवाल्याकडे त्यांनी एकदा "मीठ, मीठ, मीठ" म्हटलं तर त्यानं तीन पुडे काढून दिले. मामांनी ते तिन्ही घेतले. त्याची चूक काढून त्याला लाजवावं असं त्यांच्या मनातही आलं नाही.

त्यांचं एक आवडतं बोलणं होतं. "जे लपवाचं असन ते बोलाचं कायले?" या न्यायानं त्यांनी जन्मात काही लपवलं नाही. एका सोयरिकीला मध्यस्थ म्हणून गेले, तर पोराच्या कानात म्हणाले, "टोपी काढू नको, टक्कल दिसते." हे आतल्या खोलीत नवरीनं ऐकलं, तिच्या आईनं ऐकलं, शेजारणीनंही ऐकलं. पोरगी खळखळून हसली आणि तिनं होकार दिला. मामा त्या लग्नाचं श्रेय आयुष्यभर घेत राहिले.

असा हा माणूस. त्याच्यावर गुपित राखायची पाळी येईल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

आमच्या गावात खेमराज नावाचा शेतकरी आहे. थोडी घरची बांधी, म्हणजे धानाचं शेत, थोडी ठेक्यानं केलेली. कष्टाळू, कमी बोलणारा आणि मानी. त्याची मुलगी, तिला चिमी म्हणू या, पहिलीत असताना खेळता खेळता मटकन खाली बसायची, ओठ निळे पडायचे. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की काळजाला छिद्र आहे, ऑपरेशन लवकर करा. सरकारी योजनेतून ऑपरेशनचं निघणार होतं. पण आधीच्या तपासण्या, नंतरची औषधं, तिथलं राहणं-खाणं हे सगळं वरचं होतं, आणि ते थोडंथोडकं नव्हतं. खेमराज कुणाशी काही बोलला नाही. त्याच्या बायकोनं मामींजवळ डोळ्यांत पाणी आणलं आणि मामींनी ते मामांना सांगितलं.

दिवाळी तोंडावर आली होती. तिच्या मागोमाग आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. लेकी-जावई येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, दिवसा दंडारीचा नाच होतो. मी तेव्हा मंडईच्या समितीत होतो. मामा मला म्हणाले, "चाल, खेमराजशी बोलू. पन कोनाले आयकू नाही गेलं पायजे." म्हणून ते आम्हा दोघांना गावाबाहेर तलावाच्या पाळीवर, म्हणजे उंच बांधावर, घेऊन गेले. आधी चारी दिशांना बघून घेतलं. माणूस दिसला नाही. मग तोंडाशी हात धरून ते कुजबुजले, म्हणजे त्यांच्या मते कुजबुजले:

"खेमराज, हे गोष्ट तुझ्या-माझ्यात. पोरीच्या आपरेशनचं कसं करून राहिला?"

"करीन माझं मी."

"कसं करशीन? बैलजोडी इकशीन? मंग वाहशीन कायनं?"

खेमराज पाण्याकडे बघत म्हणाला, "मामा, डबा फिरवून आनलेला पैसा पोरीले नाही लावनार. आता पोट्टे चिडवतीन, वर्गनीची पोरगी म्हनतीन. उद्या लगन कराले गेलो त तिथंही हेच निघन."

"अन् नाव निघालंच नाही त?"

"कोनाच्या तोंडून? तुमच्या?" इतक्या काळजीतही खेमराजला हसू आलं.

मामांना ते लागलं. पहिल्यांदाच मी त्यांना एक वाक्य एकदाच बोलताना ऐकलं. "माझ्या तोंडून नाही निघनार."

"निघालं त एक रुपया घेनार नाही, मामा. दवाखान्यातून पोरीले उचलून घरी आनीन." तो हे रागानं बोलला नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. बोलल्याप्रमाणे करणारा माणूस होता तो, आणि पोरीचे ओठ दिवसेंदिवस निळे होत होते.

त्याच दिवशी दिवेलागणीला धुरपताबाई आमच्या अंगणात आली. धानकापणीच्या बायकांची ती पुढारी. पदरानं मान पुसत मला म्हणाली, "मामा पाळीवर बोलून राहिला होता. आमी खालच्या बांधीत धान कापून राहिलो होतो. उभ्या धानात बसलेल्या बाया त्याले काई दिसल्या नाही."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय? सगळ्या बायाईनं आयकलं."

"आता?"

"आता काय? आमी काई आयकलो नाही," ती म्हणाली आणि पाणी पिऊन निघून गेली.

दोन दिवसांत गावातल्या एकूण एक घराला सगळं ठाऊक झालं, आणि एकाही घरानं काही ऐकलेलं नव्हतं. मला वाटलं, मामांना सांगावं. पण ते भेटले की छाती काढून म्हणत, "पोटात ठेवलं आहे बरं, पोटात!" हे भर चौकात चाले. पानठेल्यावरची माणसं गंभीर चेहऱ्यानं सुपारी कातरत राहत. माझी जीभ काही उचलली नाही.

मंडईची एक पद्धत आहे. दंडार रंगात आली की लोक बक्षीस देतात आणि भोंग्यावर देणाऱ्याचं नाव पुकारलं जातं. खरं सांगायचं तर निम्मे लोक नाचासाठी देतात आणि निम्मे नावासाठी. त्यात मामा पुकारणारे असले की साध्या माणसाचाही राजा होई. "आमच्या गावचे लाडके जावई, साकोलीवरून पधारलेले" वगैरे. जावयाची कॉलर ताठ होई आणि सासऱ्याला पुन्हा खिशात हात घालावा लागे. त्या वर्षी मामांनी माइक हातात घेतला, घसा साफ केला आणि म्हणाले:

"यंदा नाव नाही, नाव नाही, नाव नाही. कोन देल्लं ते सांगनार नाही. कोनासाठी, तेही सांगनार नाही. गावातल्या एका घरचं काम आहे. कोनतं घर, ते मी मेलो तरी या तोंडातून निघनार नाही."

समोर अख्खं गाव बसलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढं बसलेल्या धुरपताबाईनं तर हनुवटीवर बोट ठेवून विचारलं, "कोनाचं असन वो मामा?"

"ते नाही सांगनार, बाई," मामा कृतार्थ होऊन म्हणाले.

मग टोपली निघाली. मामांनी आपला दुपट्टा तिच्यावर पसरला होता, बैलबाजारात रुमालाखाली सौदा करतात तसा. दुपट्ट्याखाली हात घालायचा आणि काढायचा, किती टाकले ते कुणाला दिसायचं नाही. पाहुणे बुचकळ्यात पडले. नाव घेणार नाहीत तर द्यायचं कशाला, असं एका जावयानं विचारलंसुद्धा. त्याच्या सासूनं त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्याचा हात थेट दुपट्ट्याखाली गेला. सवयीनं मामांच्या तोंडून "आमच्या गावचे लाडके" एवढं निघून गेलं. मग त्यांनी जीभ चावली, भोंग्यातून तोही आवाज आला, आणि सारा मांडव हसला.

टोपली खेमराजपाशी आली. सगळं गाव त्या क्षणी दंडारीकडे बघत होतं. इतक्या एकाग्रतेनं दंडार आमच्या गावानं पूर्वी कधी पाहिली नव्हती. खेमराजनं दुपट्ट्याखाली हात घातला, आपलीही एक नोट टाकली आणि टोपली पुढं सरकवली. मला अजूनही तो हात आठवला की भरून येतं.

तीच टोपली मामींनी दुसऱ्या दिवशी वर भाजी घालून खेमराजच्या घरी पोचवली. चिमीचं ऑपरेशन झालं, आणि आंब्याला मोहोर आला तेव्हा ती शाळेत परतली. उन्हाळ्यात तर ती मामांच्या ऑटोमागं धावू लागली. बापानं धानाच्या पैशावर आपल्याला बरं केलं, एवढंच तिला ठाऊक होतं. त्यात खोटं फारसं नव्हतं. धानाचाच पैसा होता, फक्त बांध्या बऱ्याच जणांच्या होत्या.

मामांना मात्र त्या गुपितानं नवं आयुष्य दिलं. मी गोंदियाजवळ फुलचूरला राहायला आलो, तरी गावी गेलो की ते चौकातून हाक मारत, "सांगून देऊ का?" मी म्हणे, "नका सांगू, मामा." मग कुणीतरी शहाणा विचारी, "काय वो मामा?" आणि मामा तृप्त चेहऱ्यानं ऑटो सुरू करत. हा खेळ वर्षानुवर्षं चालला. कुणालाही त्याचा कंटाळा आला नाही.

गेल्या वर्षी मामा गेले. शोकसभेला त्यांचेच भोंगे लावले होते. बोलणारे बोलले, पण रंग भरेना. मग चिमी उठली. ती आता गोंदियाला नर्सिंग शिकते. माइक धरून म्हणाली, "मामा लय चांगला मानूस होता. एकच खोट होती. त्यांच्या पोटात एकही गोष्ट रायत नव्हती."

मांडवातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग धुरपताबाई, आता पार म्हातारी झालेली, पुढूनच म्हणाली, "खरं आहे बाई." सगळं गाव हसलं, आणि हसता हसता बरेच जण डोळे पुसू लागले. मीही त्यांत होतो. चिमीला वाटलं, आपण फार छान बोललो. आणि ती बोललीही होती.

उठताना खेमराज माझ्याजवळ आला. आम्ही पाळीपर्यंत चालत गेलो. खाली बायका धान कापत होत्या. त्यांच्याकडे बघत तो म्हणाला, "मले त्याच दिवशी मालूम झालं होतं. मामा बोलला तसे खालचे इळे थांबले होते. मंग पुन्हा चालू झाले. एकाही बाईनं मान वर केली नाही. म्हनून तर घेतलो मी."

मी थक्क झालो. "मग इतक्या वर्षांत मामांना सांगितलं का नाही?"

"कायले सांगू?" खेमराज म्हणाला. "त्याईच्यापाशी उभ्या जन्मात एकच गुपित होतं. तेही हिसकून घेऊ का?"