चार खुणांची घंटा

दोन हजार पंचवीस साल. अनंता एक्याऐंशीचा, मीही एक्याऐंशीचा. देवासातच दोन गल्ल्या पलीकडून त्याच्या सुनेचा फोन आला, "काका, बाबा गेले." फोन ठेवला आणि नजर गेली ती ओसरीवरच्या घंटेकडे... आमची पैज तशीच राहिली होती.

तो शिकून भूकंपाचा शास्त्रज्ञ झाला, मी चौथी नापास ओतारी. पण घंटा कानानं पारखायला मला माळव्यात कुणी शिकवू नये. वीस वर्षांपूर्वी रिटायर होऊन तो परत आला, तेव्हा नुकताच समुद्राखाली मोठा भूकंप झालेला. चहा पिता पिता म्हणाला, "भिया, असा धक्का बसला की सबंध पृथ्वी घंटेसारखी घुमते. सगळ्यात संथ हेलकावा चोपन्न मिनिटांचा. कानाला नाही, यंत्राला कळतो. त्यावरून आम्ही सांगतो, आत कुठं पातळ, कुठं घट्ट."

"आत जाऊन पाहून कोण आलं?"

"कुणीच नाही. तीच तर रड आहे."

मग बागलीच्या देवळासाठी मी ओतलेल्या नव्या घंटेभोवती तो लाकडाच्या तुकड्यानं टकटक करत फिरला. कुठं सूर सरळ, कुठं डगमगता. काठावर खडूनं चार खुणा केल्या. "यातल्या एकीखाली पोकळी आहे."

"चोर पकडायला आलास अन् चार घरं दाखवतोस?"

"आवाजावरून एवढंच कळतं, यार. माझी पृथ्वी कापता येत नाही, तुझी घंटा तरी काप. मी खरा निघालो तर माझ्या दारात येऊन मोठ्यानं बोलायचं."

माझं ओतकाम आणि पोकळ? नाही कापली. भरीव आहे म्हणून सांगत राहिलो... आणि बागलीला गुपचूप दुसरी ओतून पाठवली. हे कळलं तेव्हा अनंता इतका हसला की चहा सदऱ्यावर सांडला. पुढे रोज संध्याकाळी यायचा, टोला द्यायचा, कान लावायचा, "आहे बरं का अजून!" खडू पुसट झाला की नवा ओढायचा. शेवटच्या भेटीतही अंथरुणातून विचारलं, "कापलीस?" मी म्हटलं, "भरीव आहे." खरं तर मला भीती वाटत होती.

तेराव्याचं जेवून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आरी घेऊन बसलो. पहिली खूण, भरीव. दुसरी, भरीव. हात मिशीवर गेला. तिसरीखाली वाटाण्याएवढी पोकळी... तो तुकडा मुठीत धरून तडक त्याच्या दारात गेलो आणि वहिनी बाहेर येईपर्यंत ओरडत राहिलो, "अनंता, तू खरा! तू खरा रे!"