दहा मण्यांच्या शीलाबाई

राजुरीत पोराचं गणित कच्चं असलं की लोक त्याला शीलाबाईंच्या ओसरीवर आणून बसवत. बाईंची मण्यांची चौकट घरचीच होती. टोमॅटोच्या मांडवाची तार, बांबूच्या पट्ट्या आणि बैलांच्या जुन्या माळांतले मणी. "हाताला धा बोटं, तारंला धा मणी. झालं गणित!" असं बाई म्हणत, आणि शिकवतही जीव ओतून.

मग डिंभ्याची आरती लग्न होऊन गावात आली आणि तिनं मारुतीच्या देवळासमोर क्लास काढला. तिच्या चौकटीत एका तारेवर पाचच मणी, आडव्या पट्टीच्या खाली चार आणि वर एक. वरचा एकटाच पाचाच्या मोलाचा. पोरं तिकडं पळाली. "गेली तर गेली, सुंठीवाचून खोकला गेला," बाई म्हणाल्या खऱ्या, पण पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबेना. किराणा दुकानात उभ्या राहून त्या येईल त्याला सांगत, "निम्मे मणी, निम्मं गणित!"

एक अक्षदा तेवढी उरली, बाईंची सगळ्यात हुशार पोर. तिलाही जायचं होतं. बाईंनी तिला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली. घालणाऱ्यानं 'सुटली' म्हटल्याशिवाय अशी शपथ सुटत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अक्षदा राहिली.

आरतीच्या चौकटीतली खोट शोधायची म्हणून बाईंनी जुन्नरच्या बाजारातून तसलीच एक आणली आणि दार लावून बसल्या. खोट सापडेना. सात म्हणजे वरचा एक आणि खालचे दोन, बघताक्षणी कळत. आपल्या तारेवर सात मणी मोजावे लागत. बाईंना आरतीचा असा काही राग आला की त्या रोज सरावाला बसू लागल्या.

गणपतीत दोन्ही क्लासांची तोंडी गणिताची स्पर्धा ठरली. शाळेचे गुरुजी मांडवात आकडे सांगत होते. आरतीची पोरं हवेतच मणी सरकवल्यासारखी बोटं उडवून उत्तरं देत होती, आणि अक्षदा ओठ हलवत मनातला एकेक मणी मोजताना मागं पडत होती. शेवटची लांबलचक बेरीज आली.

"दोनशे त्रेचाळीस!"

उत्तर बरोबर होतं, पण ते शीलाबाईंच्या तोंडून निघालं होतं. त्यांचा अंगठा आणि तर्जनी अजून हवेतच होती. आरतीनं मनापासून टाळ्या वाजवल्या. बाईंना वाटलं, यापेक्षा तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं.

अक्षदा जवळ आली. तिनं बाईंच्या बोटांकडे पाहिलं.

"बाई, तुमी त्यांचं शिकलात? मग मला शपथ का घातली व्हती?"

बाईंनी हात पदराखाली घेतला.

"सुटली म्हणा की."

"सुटली," बाई पुटपुटल्या.

"ऐकू न्हाई आलं."

"सुटली म्हनलं ना!"

अक्षदा धावत आरतीकडे गेली. आरतीनं सरकून तिला शेजारी बसवून घेतलं, आणि बाईंच्या पोटात आजवर दुखलं नव्हतं इतकं दुखलं.