मित्रासाठी न विचारता लिहिलेला अर्ज

अर्जदार : मी स्वतः. वय पन्नाशीच्या आसपास, धंदा अर्जनवीस, बैठक कचेरीच्या फाटकाबाहेर लिंबाखाली. शिक्षण सातवीपर्यंत, उर्दूतून. मराठी स्वतः कमावलेली.

ज्याचे नुकसान झाले तो : माझा मित्र, त्याच कचेरीतील दप्तरखान्याचा कारकून. नाव लिहीत नाही. त्याचे नाव मी एकदा कागदावर लिहिले, तेवढे पुरे झाले.

तारीख : नक्की सांगता येत नाही. जैनथकडून कापसाच्या गाड्या गावात येऊ लागल्या होत्या, तो हंगाम.

साक्षीदार : मावल्याच्या रस्त्यावरील चहावाला. त्याने आमचे शेवटचे बोलणे सर्व ऐकले. परंतु आम्ही दोघेही त्याची जुनी गिऱ्हाइके असल्याने तो कोणाच्याही बाजूने बोलणार नाही.

वरील बाबतीत हकीकत अशी की, आम्ही दोघे नऊ वर्षे रोज उजाडताना फिरायला जात होतो. बाजाराच्या गल्लीतून निघून मावल्याच्या रस्त्याला लागावे, वाटेत चहा घ्यावा आणि ऊन चढण्याच्या आत परतावे, असा क्रम होता. घाई नसे. माझे घर किराणा दुकानांच्या ओळीत, त्याचे बौद्ध वस्तीत. त्याचे वडील भीमपूरकडे दुसऱ्याच्या शेतावर राबले. त्या घरातून कचेरीच्या खुर्चीवर बसलेला तो पहिला. आंध्र प्रदेश होऊन बरीच वर्षे लोटली होती, कारभार तेलुगूत चालू झाला होता. पण जमिनीचे जुने कागद निजामाच्या वेळच्या उर्दूतच होते, आणि ते घाईचे, तुटक अक्षर लावणारा माणूस कचेरीत तो एकच उरला होता. तरुण साहेबसुद्धा त्याच्या टेबलापाशी येऊन उभे राहत. हे तो मला कधी सांगत नसे. मी फाटकाबाहेरून पाहत असे.

चालताना तो माझी थट्टा करी.

"काऊन रे मुन्शी, घरी बायकोले पानी मांगतं का अर्ज करतं?"

"रीतसर मांगतलं तं कोनी नाई म्हनत नाई," मी म्हणे.

"म्हनूनच तुले चहा थंडा भेटते. तिकडं मंजुरी येईपर्यंत निवून जात असन."

त्या दिवशी दाट धुके होते. बाजूने कापसाची बैलगाडी आली आणि तो सरळ तिच्या चाकाकडेच वळला. मी दंड धरून ओढले म्हणून वाचला. गाडीवान शिव्या देत निघून गेला. मित्र पुलाच्या कठड्यावर बसला.

"गाडी दिसली नाई तुले?"

"नाई दिसली." तो म्हणाला, "समोरचं दिसते. बाजूबाजूनं अंधारून राह्यलं. सहा महिने झाले."

"डॉक्टर काय म्हन्ते?"

"गेलं ते वापस येत नाई म्हने. हाय ते दवा टाकून जितकं टिकन तितकं."

"अन् कचेरीत कसं करतं?"

"बोट ठेवून एकएक ओळ पाह्यतो. चूक नाई होऊ देत. दोन वर्ष राह्यले. दोन वर्षानं दप्तरखान्याची किल्ली माह्या हातानं देईन अन् बाहेर येईन. तोवर हे तुह्या पोटातच ठेव."

मी 'हो' म्हटले. ही माझी कबुली येथे नोंदवून ठेवतो.

त्याच दुपारी मी लिंबाखाली बसून त्याच्यासाठी अर्ज लिहिला. त्याने सांगितले नव्हते. परंतु समोरच्याने दुःख सांगितले की माझा हात लेखणीकडे जातो. वीस वर्षांत दुसरे काही मी शिकलो नाही. जुन्या कागदांच्या धुळीत उरलेली दृष्टीही जाईल, त्यापेक्षा शेवटची दोन वर्षे त्याला हलके काम मिळावे, असा माझा हेतू होता. साहेबांना वाचता येईल अशा सुट्या, स्वच्छ अक्षरात उर्दूत दोन पाने झाली. त्यात मी लिहिले की, सदर इसम गरीब व लाचार असून हुजुरांच्या दयेस पात्र आहे. हे वाक्य मी प्रत्येकाच्या अर्जात घालत आलो. त्याशिवाय अर्ज अर्जासारखा दिसत नाही. त्या क्षणी मला माझ्या मजकुराचा अभिमानच वाटला. खाली 'हितचिंतक' म्हणून सही केली आणि कागद स्वतःच्या हाताने साहेबांना दिला. ऐकल्यावर मित्र मला मिठी मारील, अशी माझी समजूत होती.

साहेबांनी कोणत्याही साहेबाने केले असते तेच केले. कडेला शेरा मारला : डोळ्यांची तपासणी व्हावी. तपासणी झाली. अहवाल आला. दोन महिन्यांत वैद्यकीय कारणावरून त्याला सेवेतून निवृत्त करण्यात आले. किल्ली शिपायाने घरी जाऊन मागून आणली.

या दोन महिन्यांत तो फिरायला आला नाही; तपासणीच्या फेऱ्यांत असेल, असे मी समजलो. हुकूम निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या हॉटेलात आला. हातात माझ्या अर्जाची नक्कल होती. त्याने ती स्वतः, बोट ठेवून वाचली होती.

"हे तुनं लिवलं?"

"तुह्या भल्यासाठीच..."

"भल्याचं मंग पाहू. लाचार कोन हाय?"

"अरे, ते लिवाच लागते. सगळ्यायच्याच अर्जात..."

"माह्या बापानं जनमभर लोकायच्या दारात हात जोडले. मी तीस वर्षांत एक रजा बी मेहरबानी म्हनून नाई मांगतली. अन् तू माह्या नावानं दया मांगून आला! मले न इचारता!"

चहावाल्याने दोन ग्लास ठेवले. मित्राने ग्लासाला हात लावला नाही.

"डोयानं नोकरी गेली असती तं मी चूप घरी बसलो असतो," तो म्हणाला आणि उठला. मी दंड धरायला गेलो, तर त्याने हात झटकला. जिनिंग कारखान्याच्या भिंतीला तळवा लावून, चाचपत, तो गावाकडे गेला. मी त्याच्या मागे गेलो नाही. दोन्ही चहांचे पैसे दिले आणि तिथेच बसून राहिलो.

त्याला आता दोन हिवाळे झाले. मी त्याच रस्त्याने एकटा जातो; परततो तेव्हा कोणाशीही एक शब्द झालेला नसतो. तो वस्तीतल्या गल्लीतच, वहिनींच्या सोबतीने, चार पावले फिरतो असे ऐकतो. मी तीनदा दाराशी गेलो. तिन्ही वेळा वहिनी म्हणाल्या, "झोपले हायेत." एकदा आतून त्याचा खोकला ऐकू आला.

दयेचे ते वाक्य मी आता अर्जात घालत नाही. मध्यंतरी एक म्हातारी अर्ज घेऊन परत आली आणि भांडून ते घालून घेऊन गेली. तिचे तरी काय चुकले, याचा विचार मी बरेच दिवस करीत आहे.

मित्राला पत्रे लिहिली ती फाडून टाकली. कारण आता त्याला समोरचेही धड दिसत नाही असे कळले, आणि माझे पत्र त्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागले असते. त्याच्या खाजगी गोष्टी पुन्हा एकदा माझ्या अक्षरातून तिसऱ्याच्या तोंडी गेल्या असत्या.

सबब विनंती अशी की, वरील हकीकत मी घेऊन यावी व त्याच्यासमोर बसून स्वतः वाचून दाखवावी, यास त्याची परवानगी आहे किंवा नाही, एवढे मी वहिनींकडे तोंडी विचारीन, ते त्यांच्याकरवी कळवावे. ऐकताना ज्या ठिकाणी मजकूर खोटा वाटेल तेथे त्याने मला थांबवावे. मी ती ओळ खोडीन. माफीची मागणी यात नाही. उत्तर 'नाही' असे असले तरी ते मान्य राहील. परंतु निरोप वहिनींनी आणला तरी उत्तर त्याचे स्वतःचे असावे. या वेळी मी विचारल्याशिवाय येणार नाही.