भोंग्यातली सगुणाबाई

"मावशी, तुमचाच आवाज हाये हा. खरखर तेवढी काढून टाकली. बिलकुल साफ केला."

"तेच तं म्हनते मी, बद्री. माहा आवाज कव्हा साफ व्हता?"

हसनाबादच्या बद्रीनाथानं २००४ साली कंप्युटर घेतला आणि त्याच्यावरचं पहिलंच काम असं अंगावर आलं. हळदीची गाणी म्हणावीत तर सगुणाबाईनंच. शुक्रवारी एक हळद गावात, एक राजूरला. बाई गावात बसणार, राजूरला तिच्या गाण्यांची सीडी जाणार. राजूरकरांनी बजावलं होतं, बाई न्हाई तं न्हाई, आवाज बराबर तिचाच पाह्यजे. अन् इथं बाईच स्वतःचा आवाज ओळखीना. समोरच्या ओट्यावर तूर पाखडणाऱ्या द्वारकाबाईनंही मघाशी विचारलं होतं, रेडिओ लावला का रे बद्री.

बद्रीनाथ डोकं खाजवत बसला. मंग त्याला उमगलं. एक्क्याऐंशीपासून तो सायकलला भोंगा बांधून लग्नाला जायचा. भोंगा लिंबाच्या फांदीला, माईक सगुणाबाईच्या ओठाला, मशीनच्या आवाजाचा कान शेवटपर्यंत पिळलेला. तो आवाज टराटरा फाटत तीन शिवारं पलीकडं जायचा. पंचक्रोशीनं सगुणाबाई ऐकली ती भोंग्यातून. आता भोंगे जाऊन खोक्यांचे स्पीकर आले, आणि उरलीसुरली खरखर यानं आपल्या हातानं धुऊन काढली.

कंप्युटरात डिस्टॉर्शन नावाचा, आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट होता. जालन्याला ज्याच्याकडं तो शिकायला गेल्ता, तो म्हणाला होता, हे गिटारवाल्यांचं काम, आपण हात लावायचा न्हाई. बद्रीनाथानं लावला. पहिल्या झटक्यात सगळाच चढवला. बाईच्या जागी पिठाची गिरणी गाऊ लागली, बांगड्यांची किणकिणसुद्धा दळून निघाली.

सगुणाबाई पदर तोंडाला लावून हसली. "खिचडीत मीठ घालून राह्यला का मिठात खिचडी?"

तव्हा त्यानं इफेक्ट उतरवत उतरवत आणला. खाली साफ आवाज तसाच ठेवला, वरून फाटका चिमूटभर सोडला. वरचा सूर लागला की कड फाटावी, पण शब्द न् शब्द कळावा. मंग स्पीकरचा खोका उंबऱ्यात नेऊन ठेवला आणि गाणं लावलं.

दुसऱ्या कडव्याला द्वारकाबाई सूप ठेवून उठली.

"सगुणे, कोनाची हळद हाये वं आज? मला बलावणं न्हाई ते?"

सगुणाबाई दारात येऊन उभी राहिली. गाणं चालूच. द्वारकाबाई एकदा खोक्याकडं पाही, एकदा तिच्या मिटल्या तोंडाकडं.

"हां. आता ही मी," सगुणाबाई बद्रीनाथाला म्हणाली. "धाड राजूरला. मला गहू निवडायचे पडले हायेत."

सीडी निघाली. बद्रीनाथानं तिच्यावर नाव लिहिलं, राजूरच्या जीपवाल्याच्या हाती दिली आणि गावातल्या कारभारीचा दुरुस्तीला आलेला माईक खोलायला घेतला. सकाळपासून तो तसाच पडला होता. कारभारीची तक्रार एवढीच, की माईकातून आवाज फाटतो.

बद्रीनाथानं सोल्डरिंग गन तापायला लावली.