रिपोर्टाआधीचे आभार

आमच्या घरात संध्याकाळी सातला उपासना व्हायची, आणि सात म्हणजे सात. सव्वीस वर्षं फौजेत काढलेला माणूस मी, दोन मिनिटं इकडंतिकडं झालं तरी माझं डोकं फिरायचं. चटई अंथरायची, एक गीत, शास्त्रवाचन, प्रार्थना, मगच ताटं. मुलगी लग्न होऊन सांगलीला गेली, त्यानंतर आम्ही दोघंच उरलो. तरी मी छाती भरून गायचो. कोरेगावाजवळचं आमचं गाव सगळं ऊसवाल्यांचं, त्यात ख्रिस्ती घरं चार. शेजारचा म्हणायचा, "हवालदार गायला लागलं की घड्याळ बघायला नको."

माझा एक नियम होता. आधी स्तुती, मग मागणं. रडत सुरू केलेली प्रार्थना मला खपायची नाही. बायको एकदा म्हणाली, "आवं, देवालाबी हजेरीला उभं करताय व्हय?" मी काही हसलो नाही. बायबलातल्या स्तोत्रांमध्ये काही निव्वळ गाऱ्हाण्याची आहेत, देवालाच जाब विचारणारी. ती आली की मी सरळ पान उलटायचो. ती बघायची.

गेल्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. मिरजेला ऑपरेशन झालं. घरी आली, हळूहळू हिंडूफिरू लागली, भाकरीही थापायला लागली. पाच महिन्यांनी तपासणीला पुन्हा मिरजेला गेलो. फोटो काढले, रक्त घेतलं, आणि पुढच्या मंगळवारी रिपोर्ट न्यायला या म्हणाले. येताना एसटीत ती खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, झोप लागली. मी आपला मनात ठरवून मोकळा झालो: येत्या रविवारी घरी आभाराची उपासना ठेवायची.

आमच्यात ही रीतच आहे. घर बांधलं, नोकरी लागली, अंथरुणाला खिळलेलं माणूस उठलं, की सगळ्या मंडळीला घरी बोलवायचं. गीतं गायची, ज्याच्यावर कृपा झाली त्यानं उभं राहून साक्ष द्यायची, मग जेवण. पण हे सगळं झाल्यावर. होण्याआधी आभार मानायची अक्कल माझी.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "हवालदार, रिपोर्ट येऊ द्या की. दोन दिवसांनी काय बिघडतंय?"

मी म्हणालो, "रिपोर्ट हातात घेऊन आभार कुणीबी मानंल. मग विश्वास कशाला म्हणायचं?"

यावर त्यांनी रविवारची वेळ तेवढी विचारून घेतली. मी जिंकलो असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, त्यांच्याकडं उत्तर होतं, पण माझ्यासारख्या ताठ माणसाला देण्यात अर्थ नव्हता. आणि बायकोला विचारलं का? छे! विचारलं नाही, सांगितलं. ती म्हणाली, "बरं."

रविवारी अंगणात मांडव घातला. साताऱ्याहून, रहिमतपुरातून माणसं आली. पेटी आली, तबला आला. शेजारचे ऊसवालेही टोपी नीट करून मागं बसले. टाळ्यांनी मांडव दणाणून गेला. माझा आवाज सगळ्यांच्या वर होता, आणि खरं सांगतो, मला त्याचा फार अभिमान वाटत होता.

मग साक्षीची वेळ आली. ती उठली. नवी साडी नेसली होती, खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली होती. म्हणाली, "प्रभूनं मला हितवर आणलं. त्याची कृपा." आणि खाली बसली.

एवढंच! लोक वाट बघतायत, पेटीवाला बोटं ठेवून थांबलाय, आणि ही बसली. मला राहवलं नाही. मी उभा राहिलो आणि तिच्या वतीनं सांगून टाकलं, की माझी बायको बरी झाली, परमेश्वरानं तिला पूर्ण बरं केलं. लोकांनी हालेलूया म्हटलं. बायकांनी तिला पोटाशी धरलं. एकीनं जरा जोरातच धरलं असावं, कारण तिचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. मी तो पाहिला, आणि मटणाच्या पातेल्याकडं गेलो.

पाहुणे गेल्यावर ऊन कलताना ती ओट्यावर पेले गोळा करत होती. मी तिथंच गाठलं तिला. "अगं, साक्ष म्हणायची का ती? लोक काय म्हणत असतील?"

तिनं पेले खाली ठेवले. "देवाच्या समोर उभं राहून खोटं कसं बोलू?"

"खोटं?"

"दोन महिनं झालं, परत दुखतंय. पयल्यापरास जास्त."

माझा पाराच चढला. "मग बोलली का न्हाईस? तोंड शिवलं होतं का तुझं?"

"कवा बोलू?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "सांच्याला चटईवर बसलं की तुमचं आधी स्तुती. दुखतंय म्हणलं की तुमी म्हणणार, आभार मान, बरी झालीस. येकदा म्हणले बी, तर तुमी गीत सुरू केलं. मी मोरीत जाऊन, नळ सोडून कण्हते. तुमच्या कानावर जाऊ नये म्हणून."

नळ चालू राहतो म्हणून मी तिच्यावर तीनदा तरी ओरडलो होतो. पाणी वाया जातं म्हणून. एवढ्या माणसांना जेवायला घालून मी कशाचे आभार मानले होते? माझी मलाच किळस आली.

सोमवारी घरात उपासना झाली नाही. मी घरी असताना असं पहिल्यांदाच घडलं. मंगळवारी मी एकटा मिरजेला जाऊन रिपोर्ट आणला. डॉक्टर म्हणाले, गाठ परत आलीय; तिनं ओट्यावर सांगितलेलं दुखणं त्या गाठीचंच. दुखणं कमी ठेवण्याच्या गोळ्या दिल्या, आणि बाकी आता फारसं करण्यासारखं नाही, असंही सांगितलं. घरी येऊन मी तिला सगळं तसंच्या तसं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. तिनं ऐकून घेतलं आणि चटई अंथरली.

मी समोर बसलो. गीत तोंडातून निघेना. तिनं शास्त्र उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. मी नेहमी उलटायचो, त्या पानांपैकीच एक होतं. मी वाचलं. अडखळत, पण शेवटच्या ओळीपर्यंत. मग डोळे मिटले. स्तुतीनं सुरुवात करायला गेलो आणि ती सोडून दिली. कसंबसं म्हणालो, "देवा, हिला दुखतंय. लय दुखतंय. मी ऐकलं न्हाई."

तेवढीच प्रार्थना झाली.

"आमेन," ती म्हणाली. मग चटईवरच कुशीला वळली, पाय पोटाशी घेतले, आणि माझ्यासमोर मोठ्यानं कण्हली.